एकाच उन्हाळ्यात घेतलेले दोन एसी

आमच्या घरी किराणा, दूध आणि वीजबिल यांच्या नोंदींची जी वही आहे, तिच्या शेवटच्या काही पानांवर फक्त एसीचा हिशेब आहे. एप्रिल 2019 मध्ये आम्ही नाशिकला इंदिरानगरच्या घरात आणि माझ्या नणंदेने वसईच्या घरात एसी बसवला. दोन्ही एसी एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, दीड टनाचे इन्व्हर्टर स्प्लिट होते आणि किमतीही जवळपास सारख्याच, साडेछत्तीस हजारांच्या आतबाहेर पडल्या. नणंदेलाही हिशेब लिहायची सवय आहे. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली, तेव्हा आम्ही दोघींनी आपापल्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन यंत्रांवर दोन गावांच्या हवेत किती वेगवेगळा खर्च झाला, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्पष्ट दिसले. आणि माझ्या पानांवरचा बराचसा खर्च हवेमुळे नव्हे, तर चुकीच्या निदानामुळे झाला होता, हेही त्याच वेळी लक्षात आले.

आमचे लग्न झाले तेव्हा नाशिकला एसी कशाला हवा, असेच सगळे म्हणत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, उन्हाळ्यातही पहाटे हवा गार होते, आणि दुपारच्या कोरड्या उन्हाला कूलर उत्तम पुरतो, कारण कोरड्या हवेत कूलरच्या पॅडमधले पाणी झपाट्याने उडते आणि हवा गार करते. हाच कूलर वसईला मे महिन्यात लावला, तर खोलीत फक्त दमटपणा वाढतो. आम्ही कितीतरी वर्षे कूलरवरच काढली. पण 2018 च्या अखेरीस माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना दिवसभर अंथरुणावर राहावे लागू लागले, घामाने पाठीची कातडी सोलवटू लागली, आणि खोलीचे तापमान एकसारखे ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा एसी ही आमच्यासाठी चैनीची वस्तू उरली नाही. तो बंद पडला की अप्पांची रात्र कशी जाते, हे आम्ही पाहिले आहे, आणि म्हणूनच त्याच्या दुरुस्तीबद्दल मी एवढ्या बारकाईने लिहिते आहे.

दमट हवेत एसीला नेमके काय करावे लागते, हे मला एका बादलीने शिकवले. जून 2023 मध्ये मी चार दिवस नणंदेकडे वसईला होते. त्यांच्या एसीचा ड्रेन पाइप गॅलरीत सोडलेला आहे आणि त्याखाली दहा लिटरची बादली ठेवलेली असते. रात्री दहाला रिकामी ठेवलेली बादली सकाळी सहाला काठोकाठ भरलेली होती. नाशिकला मेच्या कोरड्या दुपारी आमच्या पाइपमधून इतक्याच वेळात एक तांब्याही भरत नाही. हे पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतली वाफ असते. वाफेचे पाणी होताना ती आपल्या पोटातली उष्णता सोडते आणि ती उष्णताही एसीलाच उचलून बाहेर टाकावी लागते. एका लिटरमागे ही उष्णता सुमारे 2,450 किलोज्यूल भरते. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता उपसण्याची क्षमता. हे माप चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला लागणाऱ्या उष्णतेवरून आले आहे. या हिशेबाने दीड टनाचा एसी ती एक बादली भरण्यासाठी पूर्ण क्षमतेने सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ राबला होता, आणि तेवढ्या कामाने खोलीचे तापमान एका अंशानेही उतरले नव्हते. वसईच्या लोकांना एसी चालू असूनही गार वाटत नाही आणि ते रिमोटवर अठरा अंश लावून बसतात, त्यामागचे कारण हे आहे. अठरा लावल्याने एसी अधिक जोरात गार करतो, हा समजच चुकीचा आहे. तो फक्त अधिक वेळ पूर्ण जोरात चालत राहतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून नवे घरगुती एसी सुरू होताना 24 अंशांवर सुरू होतात, आणि तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे हाच ब्युरो सांगतो.

नणंदेच्या नोंदींमधला पहिला मोठा भाग पाण्याचाच आहे. इनडोअर युनिटमधली कॉइल, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांची गुंडाळी, वर्षातले आठ-नऊ महिने ओली राहते, त्या ओलीवर धूळ बसते, धुळीवर बुरशी आणि शेवाळासारखा गिळगिळीत थर धरतो, आणि तो थर ओघळून ड्रेन पाइपच्या तोंडाशी अडकतो. मग पाणी बाहेर जायचे सोडून भिंतीवरून खाली उतरते. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या कपाटाची एक बाजू अशीच फुगली. एसीची दुरुस्ती साडेपाचशेची होती आणि कपाटाची साडेचार हजारांची. तेव्हापासून ती वर्षातून तीनदा जेट पंपाने सर्व्हिसिंग करून घेते, दर वेळचे सहाशे ते सातशे रुपये धरले तरी वर्षाला दोन हजार रुपये निव्वळ धुण्याचे होतात. आम्ही इथे वर्षातून दोनदा करतो आणि आम्हाला ते पुरते.

दुसरा भाग खाऱ्या हवेचा आहे. आउटडोअर युनिटच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून तांब्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. मीठ आणि ओल एकत्र आली की तांबे आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ॲल्युमिनियम आधी कुजते. मी त्यांच्या गॅलरीतून त्या पात्यांना बोट लावून पाहिले होते. ओल्या चुन्याची खपली पडावी तशी पांढरी भुकटी बोटाला लागली आणि हाताच्या नुसत्या स्पर्शाने दोन पाती तुटून खाली पडली. पाती गेली की नळीतली उष्णता हवेत जायला वाट राहत नाही, कंप्रेसर जास्त दाबाखाली चालतो, तापतो आणि वीज खातो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्या कॉइललाच छिद्र पडले. नवी कॉइल, मजुरी आणि गॅस मिळून साडेनऊ हजार रुपये झाले. पुढच्या वर्षी पीसीबीवरचे, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवरचे, सांधे हिरवे पडले, त्याचे चार हजार गेले. उघड्या गटाराच्या किंवा नाल्याच्या शेजारी राहणाऱ्यांना तर यात आणखी एक त्रास आहे. कुजलेल्या पाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळे पाडतो आणि खातो, आणि तिथल्या कॉइली वर्षा-दोन वर्षांतही गळू शकतात. असे घर असेल तर तांब्यावर आणि पात्यांवर संरक्षक लेप दिलेली कॉइल आहे का, एवढा प्रश्न एसी घेतानाच विचारावा, नंतर विचारून उपयोग नसतो.

नाशिकच्या हवेचा उपद्रव वेगळा आहे. इथे मीठ नाही, पण धूळ आहे, आणि 2027 च्या सिंहस्थासाठी सुरू असलेल्या रस्त्यांच्या कामांमुळे ती गेल्या वर्षापासून आणखी वाढली आहे. आउटडोअरच्या पात्यांवर ती मऊ घोंगडीसारखी बसते. शिवाय एसीच्या डब्यावर जी क्षमता छापलेली असते ती बाहेरची हवा 35 अंश असताना मोजलेली असते. बाहेर 40 अंश असताना, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापलेला, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलेला आउटडोअर तेवढे काम करू शकत नाही. आमचा आउटडोअर आम्ही पहिल्या वर्षी असाच चुकीच्या जागी लावला होता. दोन वर्षांनी तो उत्तरेच्या भिंतीवर हलवला, त्या हलवण्याचे बावीसशे रुपये झाले. नव्या जागेसाठी नळी दोन मीटर वाढवावी लागली, तिचे पंधराशे वेगळे. तो खर्च मी अनाठायी मानत नाही. पण त्या हलवण्यातच पुढच्या तीन वर्षांच्या दुखण्याचे मूळ होते.

मे 2022 मध्ये अप्पांच्या खोलीत एसी रात्रभर चालूनही गारवा येईना. आम्ही एका दुकानाच्या माणसाला बोलावले. त्याने आउटडोअरला गॅसचा दाब मोजणारे गेज लावले, काटा पाहिला आणि गॅस संपला आहे असे सांगितले. पाऊण तासात त्याने गॅस भरला, 2,800 रुपये घेतले, खोली गार झाली आणि आम्ही त्याचे आभार मानले. एप्रिल 2023 मध्ये पुन्हा तेच झाले, या वेळी माणूस दुसरा होता आणि रक्कम 3,000 होती. एप्रिल 2024 मध्ये तिसऱ्यांदा गॅस भरला, 3,200 रुपये दिले, आणि या वेळी उन्हाळाही निघाला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात इनडोअरच्या नळीवर बर्फ धरू लागला आणि हवा कोमट येऊ लागली. तीन वर्षांत नऊ हजार रुपये गॅसवर गेले होते. नव्या एसीच्या किमतीचा तो जवळपास चौथा हिस्सा होता, आणि एसी होता तिथेच होता.

या तिन्ही वेळी एक साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. एसीतला गॅस हा स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो एका बंद नळीत फिरतो, आत द्रवाचा वायू होतो, बाहेर वायूचा पुन्हा द्रव होतो, आणि नळी शाबूत असेल तर पंधरा वर्षांनीही तेवढाच राहतो. गॅस कमी झाला, याचा अर्थ तो कुठून तरी गळला, आणि ते छिद्र न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे आहे. बर्फ धरला म्हणजे गॅस कमीच आहे, असेही नसते. इनडोअरमधली हवा गाळणारी जाळी (फिल्टर) धुळीने बंद झाली तरी कॉइलवरून हवा कमी जाते आणि बर्फ धरतो. म्हणून गेज लावू देण्याआधी जाळी धुऊन, बर्फ वितळू देऊन, एसी पुन्हा चालवून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत. एप्रिलच्या गर्दीत दिवसाला दहा-बारा घरे करणाऱ्या माणसाला छिद्र शोधायला अर्धा दिवस परवडत नाही, ही त्याची अडचण मला समजते. पण गॅस गळतो आहे आणि तो पुन्हा जाईल, हे एक वाक्य गिऱ्हाईकाला सांगायला वेळ लागत नाही, आणि ते न सांगणे मला आजही अप्रामाणिकपणाचे वाटते.

जून 2024 मध्ये आमच्या शेजारच्या काकूंनी एका टेक्निशियनचे नाव सुचवले. ते वयाने पन्नाशीचे, आयटीआयमध्ये दोन वर्षे हाच ट्रेड शिकलेले आणि नंतर अंबडच्या एका कारखान्यात शीतगृहाच्या देखभालीवर काम केलेले. त्यांनी आल्यावर गेज बाहेरच काढले नाही. आधी वीजबिले मागितली. मग विचारले, "ताई, बसवल्यापासून हा कधी हलवला होता का?" मी हलवल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी इनडोअर युनिट भिंतीवरून थोडे पुढे ओढले, मागे हात घालून नळीवरची काळी टेप उलगडली, वरचे फोमचे आवरण सरकवले आणि मोबाइलचा उजेड टाकून मला पाहायला बोलावले. जिथे तांब्याची नळी पितळी नटने जोडलेली होती तिथे नटच्या कडेला तेलकट काळा डाग होता आणि त्या डागावर धूळ चिकटून घट्ट झाली होती. गॅसबरोबर कंप्रेसरचे थोडे तेलही फिरत असते. गॅस अदृश्य असतो, त्याला वासही जवळजवळ नसतो, पण छिद्रातून निघताना तो तेलाची खूण मागे ठेवतो. "तीन वर्षं हे इथंच होतं," ते म्हणाले. टेप उलगडायला दोन मिनिटे लागली होती.

तरीही त्यांनी डागावर विश्वास ठेवून काम सुरू केले नाही. उरलेला गॅस त्यांनी हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेतला. मग नळीत नायट्रोजन भरला, दाबाचा काटा साडेतीनशे पीएसआयवर नेला, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस ब्रशने लावला. बाहेरचे दोन सांधे शांत राहिले. आतल्या त्या एका नटवर मात्र फेसात तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे येऊ लागले, एक फुटला की दुसरा. नळीचे टोक जिथे शंकूसारखे फाकवतात, ज्याला ते फ्लेरिंग म्हणतात, तिथे केसाएवढी चीर होती. आउटडोअर हलवताना नळी वाढवली, तेव्हा जुनी फ्लेअर नव्याने न करता तीच पुन्हा जोरात आवळली गेली होती. त्यांनी इंचभर नळी कापली, टोकाची कड घासून नवी फ्लेअर केली, नटवर तेलाचा थेंब देऊन टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळला, आणि पुन्हा नायट्रोजन भरून दोन तास काटा तसाच सोडला. त्या वेळात त्यांनी चहा घेतला आणि अप्पांशी शेतीच्या गोष्टी केल्या. काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून पाऊण तास नळीतली हवा आणि ओल काढली, कारण आत राहिलेले पाणी तेलाशी मिसळून आम्ल तयार करते आणि ते कंप्रेसरला पोखरते. त्यानंतरच गॅस भरला, आणि तोही वजन करून. आमच्या आउटडोअरच्या पट्टीवर आर-32 हा गॅस 820 ग्रॅम असल्याचे छापलेले आहे. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून त्यांनी वाढीव दोन मीटर नळीसाठी कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले ग्रॅम त्यात मिळवले आणि काटा तेवढा उतरल्यावर वाल्व्ह बंद केला.

या वजनाबद्दल त्यांनी सांगितलेले मी वहीत शब्दशः उतरवून ठेवले आहे. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसर खोलीच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे चालू एसीचा दाब सतत बदलतो, आणि फक्त गेजचा काटा पाहून किती गॅस हवा ते ठरवता येत नाही. गॅस जास्त झाला तरी गारवा कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. आधीच्या तिघांपैकी कुणीही वजनकाटा आणला नव्हता. या साऱ्या कामाचे बिल 3,900 रुपये झाले: नायट्रोजन तपासणी आणि व्हॅक्यूमचे 900, फ्लेअरचे 500, गॅसचे 2,500. म्हणजे खरी दुरुस्ती पाचशे रुपयांची होती. कापलेली ती इंचभर नळी मी मागून घेतली. ती वहीच्या पुठ्ठ्याला टेपने चिकटवलेली आहे आणि उजेडात धरली की तिच्या फाकलेल्या काठावरची चीर नखाला लागते.

वीजबिलातही हे दिसले. गॅस कमी असताना इन्व्हर्टर एसी कधीच मंद होत नाही, तो रात्रभर पूर्ण वेगाने पळत राहतो. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटांचा दर खालच्यापेक्षा बराच जास्त असतो. मे 2023 मध्ये आमची 412 युनिटे झाली होती, मे 2025 मध्ये एसी तेवढाच वापरूनही 287 झाली. म्हणजे गळती असलेल्या तीन उन्हाळ्यांत आम्ही गॅसच्या नऊ हजारांवर विजेचेही पैसे भरले, ते कुठल्याच दुरुस्तीच्या बिलात लिहिलेले नाहीत. आणि जो गॅस आमच्या भिंतीतून हवेत गेला त्याचाही हिशेब आहे. एक किलो आर-32 शंभर वर्षांच्या मोजमापाने 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतके वातावरण तापवतो. जुन्या एसीतला आर-22 तर ओझोनच्या थरालाही घातक, म्हणूनच 1987 च्या माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. उष्णतेपासून एका आजारी माणसाला वाचवताना आपण बाहेरची हवा अधिक तापवत होतो, ही गोष्ट मला अजून टोचते.

मे 2025 मध्ये एसी एका वळवाच्या संध्याकाळी पूर्ण बंद पडला. कंपनीच्या सेवाकेंद्राच्या माणसाने आउटडोअर उघडून पीसीबी जळाला असे सांगितले आणि नव्याचे 8,500 रुपये सांगितले. आम्ही आमच्या टेक्निशियनना बोलावले. पीसीबीवर पाल शिरून मेली होती आणि तिच्यामुळे दोन टोके जुळली होती. त्यांनी तो काढून पीसीबी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे दिला, दोन घटक बदलले, वरून लेप दिला, आणि 2,200 रुपयांत काम झाले. केबलच्या भोकाला त्यांनी बारीक जाळी लावली, तिचे पैसे घेतले नाहीत. दुरुस्त केलेला पीसीबी नव्याइतका टिकेल, अशी हमी कुणी देत नाही, त्यांनीही दिली नाही, फक्त तीन महिन्यांची खात्री बिलावर लिहून दिली. मला तेवढे पुरेसे वाटले.

वॉरंटीबद्दल थोडे. अनेक एसींच्या कंप्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असते आणि दुकानात तीच सांगितली जाते. पण वॉरंटी कंप्रेसरची असते, तो बदलताना लागणाऱ्या गॅसची, मजुरीची आणि येण्या-जाण्याची बहुधा नसते. घेतानाच वॉरंटीकार्डावरची बारीक अक्षरे वाचून हे पाहून ठेवावे. वार्षिक देखभालीच्या करारातही सुटे भाग धरलेले आहेत की फक्त धुणे, हे आधी विचारावे. फक्त धुण्याचा करार आमच्या कोरड्या गावात मला महाग वाटतो, वसईसारख्या ठिकाणी तो परवडू शकतो.

घासाघीस करताना मात्र एका गोष्टीवर करू नये, असे मी आमच्या सोसायटीच्या सभेतही सांगितले आहे. आमचा आउटडोअर तिसऱ्या मजल्यावर आहे. 2022 मध्ये आलेला मुलगा विशीचाही नसावा, तो खिडकीच्या सज्ज्यावर अनवाणी उतरला, एका हाताने गज धरून दुसऱ्या हाताने नट फिरवत होता, आणि मी आत उभी राहून त्याचा शर्ट घट्ट धरला होता. ते दृश्य मी विसरलेली नाही. आमचे आताचे टेक्निशियन कंबरपट्टा आणि दोर आणतात, सोबत एक माणूस आणतात आणि त्याचे तीनशे रुपये वेगळे लावतात. ते तीनशे मी न विचारता देते. आर-32 हा सौम्य ज्वलनशील वायू आहे, नळीत तो असताना ज्योत लावून सांधा जोडणे धोक्याचे आहे, आणि पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी असे करणारी माणसे आहेत. कुणी नळी रिकामी न करता ज्योत पेटवू लागला तर त्याला थांबवण्याचा हक्क घरातल्या माणसाला आहे.

नणंदेचा एसी गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा बंद पडला, या वेळी इनडोअरची कॉइल गळत होती. दुरुस्तीचा अंदाज अकरा हजार रुपये सांगितला गेला. सहा वर्षांत तिने आधीच अठ्ठावीस हजारांहून अधिक खर्च केले होते, त्यातले बारा हजार निव्वळ सर्व्हिसिंगचे. यंत्र सहा वर्षांचे, आउटडोअरचा पत्रा गंजलेला, आणि अकरा हजार म्हणजे नव्याच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा. अशा वेळी मीही दुरुस्तीच्या बाजूने बोलले नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, तेव्हा तिने दिवाळीच्या आधी नवा घेतला, या वेळी कॉइलवर संरक्षक लेप असलेला. तीच दुरुस्ती नाशिकच्या हवेतल्या आमच्या एसीला लागली असती, तर मी बहुधा करून घेतली असती, कारण आमचा आउटडोअर अजून स्वच्छ आहे आणि पात्यांची एकही खपली निघालेली नाही.

बसवायला माणसे आली तेव्हा तिने मला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मी त्यांना नायट्रोजनची तपासणी करणार का, असे विचारले. ते म्हणाले की नव्या एसीला कुणी करत नाही, हवीच असेल तर सातशे रुपये पडतील. तिने द्यायचे कबूल केले. बाहेरच्या एका सांध्यावर फेस उठला, त्यांनी नट काढून फ्लेअर पुन्हा केली आणि मग काटा दोन तास जागेवर राहिला. तिच्या नव्या वहीतली पहिली नोंद त्या सातशे रुपयांची आहे. आमच्या वहीत पुढची नोंद रंगपंचमीच्या आधीच्या सर्व्हिसिंगची असेल, टेक्निशियनना शुक्रवारी सकाळी आठची वेळ दिली आहे, आणि ऊन चढण्याआधी अप्पांची खोली पुन्हा लावून होईल.